आयमना, मेलेल्यांना न्हाऊ घालणारी

आमच्या नलखोला गावात एखादी बाई वारली की पहिला निरोप आयमना चाचीकडे जायचा. दुसरा इमाम साहेबांकडे. माहेरच्यांना त्याच्याही नंतर कळायचं. पुरुषांना शेवटची आंघोळ घालायला मशिदीतली चार माणसं होती, पण बायकांचं ते काम मला आठवतंय तेव्हापासून तीच करत आली. माझ्या आजीला तिनेच न्हाऊ घातलं, आईलाही तिनेच. आईच्या वेळी चादरींच्या आडोशात मी पाणी ओतत होते आणि हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी माझ्याच पायांवर सांडत होतं. चाचीने मान वर न करताच सांगितलं, "हेना, तुझ्या आईला आता सर्दी व्हायची नाही. तुला मात्र होईल. नीट ओत."

ती अशीच बोलायची. मेलेल्या बाईशीही तशीच बोलायची. "हां, आता उजवी कूस दे बाई. जन्मभर नवऱ्याकडे पाठ करून डाव्या कुशीवर निजलीस, आता जरा इकडे वळ." आडोशाबाहेर रडत बसलेल्या बायकांना ते ऐकू जायचं आणि रडता रडता एखादीला हसू फुटायचं. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी, साबण, शेवटच्या पाण्यात कापूर, मग कफनाचे पाच कपडे. या कामाचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. उरलेला साबण आणि पानाचा विडा, एवढंच घेऊन ती घरी जायची.

पण लग्नघरात तिला बोलावत नसत. हळदीच्या दिवशी नवरीच्या अंगाला तिचा हात लागलेला कुणाला चालत नसे. तिला ते ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी ती आपणहून शेतावर निघून जायची आणि संध्याकाळी कुणीतरी तिच्या दारात पुलावाचं ताट ठेवून यायचं.

चाचीचा नवरा मधुमती नदीत नाव उलटून गेला होता. मुलगा एकच, मोकसेद. तो सायकलला जोडलेली गाडी चालवायचा, माणसं आणि तागाचे गठ्ठे बाजारापर्यंत न्यायचा. त्याने नदीपलीकडची कोहिनूर बायको करून आणली. सासू काय काम करते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं त्या दिवसापासून ती सासूच्या हातचं जेवेना. भात स्वतः रांधायची, स्वतः वाढून घ्यायची. चाची म्हणायची, "खा गं, खा. तुला धुवायची वेळ यायला अजून पुष्कळ अवकाश आहे." त्यावर ती आणखीच रडायची.

मग कोहिनूरची पहिली मुलगी पोटातच गेली. मी या गावची आरोग्य सेविका, घरोघर जाऊन लसी देते, गोळ्या वाटते. बाळंतपणाला दाईबरोबर मी होते. चाचीने तो एवढासा जीव मांडीवर घेतला, कोमट पाण्याने धुतला, रुमालाएवढ्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळला, आणि त्या वेळी मात्र एक शब्द बोलली नाही. कोहिनूर खाटेवरून बघत होती. पुढच्या वेळी गावात बाई वारली तेव्हा कोहिनूर पाण्याची बादली घेऊन सासूच्या मागे आडोशात शिरली. तेव्हापासून ती पाणी ओतायची आणि चाची धुवायची.

दोघींचं इतकं जमलं की शेजारणी जळायच्या. चाचीचे पुढचे दोनच दात धड होते. पानाचा विडा ती त्या दोन दातांनी मधोमध तोडायची, अर्धा आपल्या गालात ठेवायची आणि अर्धा सुनेच्या तोंडात घालायची. "म्हातारीचं उष्टं खातेस, लाज नाही वाटत?" मी चिडवायची. कोहिनूर म्हणायची, "आपा, उष्ट्याने माया वाढते." मागाहून तिला एक मुलगाही झाला, ओलिद. तो आजीच्या कमरेवरून उतरायचा नाही.

त्या वर्षी माघात फार थंडी होती. तोराब गाछीची खजुराची झाडं चांगली पाझरत होती. गाछी म्हणजे झाडाचा गळा तासून, खाली मडकं बांधून रस काढणारा. पहाटे मडकी उतरवली की गावातली अर्धी माणसं वाट्या घेऊन त्याच्या अंगणात. कच्चा, थंडगार, गोड रस. उरलेल्याचा गूळ व्हायचा. कोहिनूरला त्या रसाचं वेड होतं. मोकसेद ओरडायचा, "पोटात बर्फ होईल," पण ती जायचीच.

आधी तोराबची बायको लाइली आजारी पडली. ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. मी गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी गेले तर ती मला ओळखेना. लहानपणी वारलेल्या बहिणीला हाका मारत होती. मग झटके आले, तोंडातून फेस यायला लागला, श्वास लागला. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत ती गेलीच.

चाची आणि कोहिनूर गेल्या. लाइलीचा फेस थांबतच नव्हता. मेलेल्या माणसाच्या तोंडातून तो झिरपत राहिला. चाची हाताला कपडा गुंडाळून पुसत होती. तो कपडा भिजून निकामी झाला तेव्हा तिने आपल्या साडीच्या पदराने तोंड पुसलं. कोहिनूर डोक्यावरून पाणी ओतायला वाकली होती आणि तिच्या तोंडावर शिंतोडे उडत होते. तिने बाहीने गाल पुसला. हे मला पुढे चाचीनेच सांगितलं, पुन्हा पुन्हा, मी न विचारता. त्या दिवशी मात्र यात वावगं कुणालाच काही वाटलं नाही. काम आटोपून दोघी ओट्यावर बसल्या आणि पानाचा विडा दोघींत वाटला.

आठवड्याभरात लाइलीची सासू सोबेजान पडली. मग तोराबचा धाकटा भाऊ. दोघांनी लाइलीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तिचं उरलेलं पेज-पाणी प्यालं होतं. आमच्याकडे आजाऱ्याला एकटं टाकत नाहीत. जवळ बसतात, कुरवाळतात, त्याच्या तोंडातलं पुसतात. ज्यांनी हे सगळं केलं तेच पडत होते. गाव म्हणायला लागलं, त्या घराला जिनाचं वारं लागलंय. फकीर आला, त्याने दारांना दोरे बांधले. मी तालुक्याला कळवलं. तालुक्याने ढाक्याला कळवलं. मग एक दिवस पांढरी गाडी आली आणि तोंडावर फडकी बांधलेली माणसं उतरली. ती बघून फकीर आपले दोरे घेऊन निघून गेला. पोरं मात्र त्या गाडीमागे धावत सुटली.

त्यांचे प्रमुख होते डॉक्टर नाफिस. वय फार नसावं, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलं, कुणी काय खाल्लं, कुणाजवळ कोण बसलं. तोराबच्या झाडांवर त्यांनी रात्रीसाठी कॅमेरे बांधले. दोन दिवसांनी चित्रं आणून तोराबच्या हातात दिली. तासलेल्या खोडाला मोठं वटवाघूळ उलटं लटकलेलं, जीभ बाहेर काढून रस चाटतंय. दुसऱ्या चित्रात ते मडक्याच्या तोंडाशी मुततंय.

तोराब त्या चित्राकडे बघत राहिला. "माझ्या बापानेही हाच रस पाजला गावाला," तो म्हणाला. "त्याच्या बापानेही."

"दरवेळी त्यात ते नसतं," डॉक्टर म्हणाले. "यंदा होतं."

त्याच दुपारी सोबेजान गेली. आता धुवायचं कोण? डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेलेल्याच्या थुंकीत, फेसातही आजार असतो, हात लावू नका. तोराबच्या अंगणात इमाम साहेब, डॉक्टर, मी आणि दूर कुंपणापलीकडे सगळं गाव. इमाम साहेब चांगले माणूस होते. ते म्हणाले, "जिवाला धोका असेल तर न्हाण टळू शकतं. पाण्याऐवजी मातीने तयम्मुम करू. अल्ला जाणतो."

चाची पुढे आली. बादली घेऊन कोहिनूर तिच्या मागे होती, आणि मोकसेद दोघींना परत चला म्हणून हातवारे करत होता.

"सोबेजानने माझ्या सासूला धुताना पाणी दिलं होतं," चाची म्हणाली. "तिला मी मातीने उरकू?"

"चाची, तुम्ही मराल," डॉक्टर म्हणाले.

"मरेन. आधी मला सांगा, हे आहे तरी काय? जिन आहे म्हणतात. तुम्ही म्हणता विषाणू. तो जिवंत असतो का?"

कुंपणापलीकडून कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. ते उकिडवे बसले, चाचीही समोर बसली.

"नाही म्हणता येईल," ते म्हणाले. "आपल्या अंगात कोट्यवधी पेशी असतात. अगदी बारीक खोल्या समजा. प्रत्येक खोलीत खाणं-पिणं, कामकाज चालतं. साध्या जंतूलाही अशी एक तरी खोली असते. तो खातो, वाढतो. विषाणूला ती नाही. तोंड नाही, पोट नाही. आत फक्त एक लांबलचक मजकूर, आपल्यासारखे आणखी कसे बनवायचे त्याचा. त्याच्याभोवती प्रथिनाची घडी आणि वरून चरबीचं पातळ पांघरूण."

"कफनात गुंडाळल्यासारखं."

"हो, म्हणा तसं."

"मग मेलेलंच झालं की. मेलेलं उठत नाही. मी इतक्या जणींना धुतलं, एक उठली नाही."

"हेही उठत नाही. आपली पेशी त्याला आत घेते. आत गेलं की पेशी आपलं काम टाकून त्याचा मजकूर वाचते आणि तसेच हजारो बनवते. मग पेशी मरते आणि ते पुढच्या पेशीत जातात. लाइलीच्या डोक्यात हेच झालं. म्हणून ती कुणाला ओळखेना."

मग तिने विचारलं, "वटवाघूळ का मरत नाही?"

"ते दोघं फार जुने शेजारी आहेत. कुणी कुणाचं फारसं बिघडवत नाही. आपण नवे."

"आणि ते पांघरूण चरबीचं आहे म्हणालात?"

"हो."

"चरबी साबणाने निघते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग इमाम साहेबांकडे. "निघते," ते म्हणाले. "पांघरूण फाटलं की ते निकामी होतं. साबण उपयोगाचा आहेच. तो एकटा पुरेल असं मात्र नाही. श्वासातून, शिंतोड्यातून जातं." शेवटी गाडीतून रबरी हातमोजे, तोंडाची फडकी, प्लॅस्टिकचे झगे, डोळ्यांवरचे चष्मे काढून आणले. "पोट दाबायचं नाही. तोंडात बोट घालायचं नाही. पाणी उंचावरून ओतायचं नाही, हळू सोडायचं. माझ्यासमोर हे चढवा, माझ्यासमोर उतरवा."

तो झगा घातल्यावर चाची कुणालाच ओळखू येईना. कोहिनूरला हसू आवरेना. "आम्मा, सोबेजान दादीला वाटेल जिनच आलाय न्यायला."

"गप गं. तू तर जिनाची सून दिसतेस."

आडोशामागून पाण्याचा आवाज आला आणि मग चाचीचं बोलणं. फडक्याआडून शब्द नीट कळत नव्हते. गाव कुंपणापाशी कान देऊन उभं होतं. त्या दिवशी मला वाटलं की आता संपलं, आता आपल्याला वाट सापडली.

आणि मग कोहिनूरला ताप आला.

सोबेजानला धुतल्याला तेव्हा तीन-चारच दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर सहसा येत नाही, हे त्याआधीचंच असणार. लाइलीच्या वेळचं, नाहीतर रसातलं. कोहिनूरने त्या माघात किती वाट्या रस प्यायला होता, देव जाणे.

मोकसेदने तिला आपल्याच गाडीवर घातलं आणि तालुक्यापर्यंत नेलं, तिथून पांढऱ्या गाडीने जिल्ह्याला. वाटेत लागलेल्या गावांत लोक दारं लावून घेत होते. दवाखान्यात वेगळी खोली होती. सफाईवाला उंबरठ्यापाशी बादली ठेवून पळायचा. एक नर्स मात्र येत होती, फडकं बांधून. औषध असं नव्हतंच. ताप उतरवायचा, झटके थांबवायचे, श्वास चालू ठेवायचा, बाकी तिच्या शरीरावर सोडायचं.

चाची तिथून हलली नाही. डॉक्टरांनी तिला फडकं न काढण्याची ताकीद दिली होती आणि तिने ती पाळली. मी दोन दिवसांनी गेले तेव्हा कोहिनूर अधूनमधून शुद्धीवर येत होती. मला बघून म्हणाली, "आपा, ओलिदला लस द्यायची राहिलीय ना?" मी म्हटलं, दिली. खरंच दिली होती. मग तिने चाचीकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी आम्मा."

"आम्माचं तोंड कुठंय?"

चाचीने फडक्यावर हात ठेवला. ते खाली ओढणार असं मला वाटलं. मी पुढे झाले. पण तिने हात खाली घेतला. "आहे गं, आत आहे," ती म्हणाली. कोहिनूरचा विश्वास बसला नाही. ती भिंतीकडे वळली. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

तिला गावात आणू द्यायला लोक तयार नव्हते. इमाम साहेब स्वतः रस्त्यावर येऊन उभे राहिले तेव्हा वाट मिळाली. पाणी ओतायला कुणीच नव्हतं. मग मी झगा चढवला.

आईच्या वेळी माझा हात थरथरला होता, तसा या वेळी थरथरला नाही. भीतीने तो आखडूनच गेला होता. चाचीने साबण लावला, हळूहळू, कानामागे, बोटांच्या बेचक्यात. मी वाट बघत होते की ती आता काहीतरी बोलेल, आता सुनेला चिडवेल. ती बोलली नाही. फक्त शेवटी, केसांच्या तीन वेण्या घालताना, "ही बट नेहमी सुटायची," एवढंच म्हणाली. चष्म्याच्या आत पाणी साचलं होतं आणि हातमोजे घातलेल्या हाताने ते पुसता येत नव्हतं. दफन झाल्यावर डॉक्टरांच्या माणसांनी आमचे झगे खड्ड्यात घालून जाळले.

त्यापुढचे दिवस वाईट गेले. कोहिनूरची खाट, गोधड्या, कपडे लोकांनी मोकसेदकडून जाळून घेतले. हातपंपावर चाची आली की बायका कळशा उचलून निघून जायच्या. दुकानदार साबण काठीने पुढे सरकवायचा. मोकसेदने ओलिदला नदीपलीकडे कोहिनूरच्या बहिणीकडे ठेवलं. तोराबने आपली झाडं तासणं सोडलं. फाल्गुनात ऊन तापायला लागलं, रसाचा हंगाम संपला आणि नवा माणूस पडेनासा झाला. गावातली एकूण सात माणसं गेली. तोराबचा भाऊ जगला, पण त्याचा डावा हात लुळा पडला आणि बोलताना शब्द अडकायला लागले.

चैत्रात डॉक्टर नाफिस परत आले. आजाऱ्यांच्या जवळ जी जी माणसं होती त्या सगळ्यांचं रक्त त्यांना हवं होतं, माझंही. काही आठवड्यांनी ते पुन्हा आले आणि थेट चाचीच्या घरी गेले. मला बरोबर घेतलं. मोकसेद गाडीच्या चाकाला वंगण घालत होता.

डॉक्टर म्हणाले, "चाची, तुमच्या रक्तात त्या विषाणूशी लढल्याच्या खुणा आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तो तुमच्या अंगात शिरला होता. तुमच्या शरीराने त्याला परतवलं. तुम्हाला कळलंही नाही. असं फार थोड्यांत होतं."

"कधी शिरला?"

"ते रक्तावरून नेमकं सांगता येत नाही. बहुतेक लाइलीच्या वेळी."

मोकसेदचा हात चाकावर थांबला. चाची बराच वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती. मग तिने डॉक्टरांना नीट, सावकाश विचारलं, "तो थुंकीतून जातो."

"हो."

"मी पान अर्धं तोडून तिला द्यायची. रोज."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ज्याला आजार दिसतच नाही," डॉक्टर म्हणाले, "त्याच्याकडून तो दुसऱ्याला गेल्याचं आम्हाला फारसं आढळलेलं नाही."

"फारसं म्हणजे?"

"म्हणजे नाहीच म्हणा."

"नाहीच म्हणा, की नाही?"

डॉक्टर खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. "मला माहीत नाही, चाची," ते म्हणाले. "लाइलीच्या फेसाचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडाले होते. रस ती पीत होती. यातलं कुठलंही असेल. आता ते कुणीच सांगू शकणार नाही."

मोकसेद उठला, वंगणाचे हात लुंगीला पुसले आणि गाडी घेऊन निघून गेला. आईशी तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. महिन्याभरात तो ओलिदला घेऊन ढाक्याला गेला, रिक्षा चालवायला. ईदला येतो म्हणाला. आला नाही.

मला पुढे जिल्ह्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे कळलं की विषाणूहूनही साधी पीडा असते. नारळासारख्या झाडांना मारणारी, पांघरूण नाही, घडी नाही, नुसता उघडा मजकूर. आणि एक तर त्याहून विचित्र, मजकूरही नाही, वाकडी घडी पडलेलं एक प्रथिन, जे मेंदूतल्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखं वाकडं करत जातं. परत आल्यावर मी चाचीला सांगितलं. वाटलं, ती काही विचारेल. ती तांदूळ निवडत होती. "इतकं थोडं असून इतकं करतात?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली. पान तिने सोडलं होतं. ओठ पांढरे पडले होते आणि त्यामुळे ती कुणी दुसरीच वाटायची.

त्या वर्षभरात गावात तीन बायका वारल्या. कुणी तिला बोलावलं नाही. शेजारच्या गावातून दुसरी बाई आणली.

पुढल्या पौषात नदीपलीकडे, कोहिनूरच्या माहेराशेजारच्या वाडीत, तोच आजार निघाला. डॉक्टरांची गाडी तिकडे गेली. एका घरात मायलेकी एकामागून एक गेल्या. धुवायला कुणी तयार नाही, आणि घरातला म्हातारा न धुता प्रेतं मातीत द्यायला तयार नाही. डॉक्टरांनी मला निरोप पाठवला, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का. नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. मी निरोप घेऊन चाचीकडे गेले आणि दारातच उभी राहिले.

तिने ऐकून घेतलं. "ज्याच्या रक्तात खुणा आहेत त्याला पुन्हा होत नाही ना?"

"बहुतेक नाही. पण भरवसा देता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"आणि माझ्याकडून दुसऱ्याला?"

"हातमोजे असतील. धुतल्यावर सगळं जाळतात. तुम्ही कुणाच्या जवळ बसायचं नाही, बस्स."

"माझ्याजवळ बसतंय कोण?" ती म्हणाली आणि आत जाऊन साबणाच्या दोन वड्या घेऊन आली.

"चाची, तुम्ही जायलाच पाहिजे असं नाही," मी म्हटलं. मला खरोखर तसंच वाटत होतं.

"जाऊन काही फिटत नाही, हेना. ते मला कळतं. पण दुसरं कुणी गेलं तर त्याला होईल. मला झालंय."

आम्ही नावेने गेलो. त्या घरी दोघींना चाचीने धुतलं. मी पाणी सोडलं. मुलगी अकरा-बारा वर्षांची असावी. तिला धुताना चाची फडक्याआडून काहीतरी बोलत होती. वर्षभराने मी तिचं ते बोलणं ऐकत होते. "पाय सरळ कर पाहू. किती उंच झालीस गं, तिकडे तुझ्या आईला मोठा फ्रॉक शिवावा लागणार." अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि तो तोंडावर गमछा दाबून रडायला लागला. डॉक्टर नाफिस बाहेर पाठ करून उभे होते.

झगे जळले. आम्ही कोपरापर्यंत हात घासून धुतले. म्हाताऱ्याने केळीच्या पानावर भात आणि डाळ वाढली, आमच्यापासून लांब जमिनीवर पान ठेवलं आणि मागे सरकला. चाचीने सगळा भात खाल्ला. मी अर्ध्यावरच उठले.

परतताना नावेत बाकीची माणसं पुढच्या टोकाला दाटीने बसली आणि आम्हा दोघींना मागचा सगळा भाग मोकळा सोडला. पलीकडच्या वाडीत अजून चार जण तापाने पडले होते. उद्या पुन्हा यावं लागणार हे आम्हाला ठाऊक होतं. नदीवरून गार वारा येत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून वळले तर चाची बसल्या बसल्या झोपली होती, मान छातीवर टाकून. नाव काठाला लागेपर्यंत मी तिला उठवलं नाही.